मुराळी सायकलवर आला

महिपती काशीद या माणसाची ओळख करून द्यायची तर पायापासून सुरुवात करावी लागते. इतके लांब पाय मी आजवर दुसऱ्या कुणाचे बघितले नाहीत. सोलापुरातल्या आमच्या गिरणीच्या चाळीतली खोली ती केवढी! त्यात चूल, मोरी, देवाचा कोनाडा, आणि उरलेल्या जागेत बजाबाई, म्हणजे महिपतीची आई. महिपती झोपला की गुडघ्याखालचा महिपती उंबऱ्याबाहेर गॅलरीत असायचा. पहाटे नळावर जाणाऱ्या बायका "पाय आले गं, पाय आले" म्हणून एकमेकींना सावध करायच्या. आमची खोली समोरासमोर, त्यामुळं रोज दार उघडलं की मला पहिलं दर्शन त्या तळव्यांचं. दिवस काही वाईट जायचे नाहीत, हे मात्र सांगतो.

गिरणीत तो तेलवाला होता. लांब चोचीची झारी घेऊन मागांच्या रांगेतून फिरायचं आणि फिरतं दिसेल तिथं दोन थेंब सोडायचे. मी साच्यावर, म्हणजे मागावर कापड विणायला. दोघंही मंद्रूपकडचे, दोघंही चौथीपर्यंत शिकलेले, दोघांचीही लग्नं व्हायची होती. हे सगळं एकोणीसशे तीसच्या पुढचं, दोन-चार वर्षं इकडं-तिकडं.

महिपतीला एक बहीण, सारजा. ती दिली होती वैरागला. बाप होता तोवर गावाकडं बैलगाडी होती आणि पंचमीला बाप स्वतः तिला आणायला जायचा. मुराळी म्हणजे काय हे आता नातवंडांना फोड करून सांगावं लागतं. सासरी असलेल्या लेकीला सणाला न्यायला माहेरचा जो माणूस येतो तो मुराळी. त्यानं आदल्या दिवशी दारात यायचं, सासरी जेवायचं, आणि लेकीला गाडीत बसवून न्यायचं. तो आला म्हणजे लेकीच्या पाठीमागं कुणीतरी आहे, हे साऱ्या गल्लीला दिसायचं. बाप गेला, शेत भाऊबंदांनी कसायला घेतलं, आणि महिपती आईला घेऊन सोलापूरला आला. गाडी गेली, तसा मुराळीही गेला. दोन पंचम्या सारजा आलीच नाही.

त्या वर्षी वैरागहून बाजाराला आलेल्या एका माणसाच्या तोंडून सारजाच्या सासूनं, सोनाबाईनं, निरोप धाडला. तो आम्ही सगळ्यांनी ऐकला, कारण त्या माणसाचा आवाज चाळभर जाणारा होता.

"सोनाबाई म्हनली, न्यायला मानूस न्हाय, दारात गाडी न्हाय, आन् नुसत्या निरोपावर सून धाडायची व्हय? तिला माहेर हाय का न्हाय तेच आमाला कळंना झालंय. यंदाबी मुराळी आला न्हाय, तर न्हाई असंच आमी धरून चालू. पुन्यांदा इचारू नगा."

बजाबाईनं त्या माणसाला चहा दिला, तो गेल्यावर कप धुतला, आणि धुतलेला कप परत धुतला. महिपती भिंतीला टेकून आपल्या पायांकडं बघत बसला होता.

आता तुम्ही म्हणाल, सर्व्हिस मोटर नव्हती का? होती की. पण ती सकाळी बार्शीकडून सोलापूरला यायची आणि दुपारी परत जायची. तिनं जायचं म्हणजे वैरागात मुक्काम, आणि मुक्काम म्हणजे गिरणीचा खाडा. सणाच्या तोंडावर खाडा केला की बदलीवाला तुमच्या जागेवर उभा, आणि एकदा उभा राहिला की तो हलत नाही. हातात काय ते रविवार. पंचमी त्या वर्षी सोमवारी येत होती. म्हणजे रविवारी उजाडता निघायचं, तेरा कोसांवरच्या वैरागला जायचं, आणि सारजाला घेऊन दिवस मावळायच्या आत परत यायचं. बैलगाडीचं हे काम नव्हे.

"बाळ्या," महिपती मला म्हणाला, "सायकल शिकतो."

"तुला येती का?"

"येत असती तर शिकलो असतो व्हय?"

बंदेनवाजचं सायकलचं दुकान चाळीपासून जवळच. भाड्यानं सायकली द्यायचा. काळ्या दाढीचा, बोलायला खट्याळ माणूस, पण सायकलीवर जीव. महिपतीनं त्याच्याशी असं ठरवलं की रोज संध्याकाळी सगळ्या सायकलींना तेलपाणी करायचं आणि रविवारी एक सायकल न्यायची. बंदेनवाजनं त्याला खालून वर बघितलं. बराच वेळ लागला.

"मियाँ, तुमारे पाँव सायकल पे रैंगे, के सायकल तुमारे पाँव में रैंगी?"

होम मैदानावर शिकायला सुरुवात केली. मी मागं खोगीर धरून पळायचो. पोरं दांडीखालून पाय घालून शिकतात, तसं महिपतीला जमणार नव्हतं. त्याला सरळ वरच बसवावं लागलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मी हात सोडला आणि तो चालला! अगदी सरळ, मान ताठ, धोतराचा सोगा वाऱ्यावर. मला इतका आनंद झाला की मी टाळ्याच वाजवल्या. तो मैदानाला एक वेढा घालून आला, दुसरा घालून आला, आणि तिसऱ्या वेढ्याला ओरडला, "बाळ्या, उतरायचं कसं रं?"

ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी एका गाडीवानानं बैलांना टाकलेल्या कडब्याच्या ढिगात त्यानं सायकल घातली. पुढं बरेच दिवस तो कुठंतरी जाऊन टेकल्याशिवाय थांबायचाच नाही. बंदेनवाजच्या दुकानाचा खांब त्यानं इतक्या वेळा मिठीत घेतला, की बंदेनवाज म्हणायचा, "ईद हर रोज हो री मेरे खंबे की!"

मैदान संपलं तसा रस्ता सुरू झाला. पहिल्या रविवारी सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती. दुसऱ्या रविवारी बाळे गावच्या खंडोबापर्यंत. त्या सोमवारी महिपतीला खाली बसता येईना आणि बसला तर उठता येईना. शिडी चढून शाफ्टला तेल घालायचं होतं, तर एक-एक पायरी चढताना असे आवाज काढायचा, की जॉबर, आमचा मुकादम, धावत आला, मशीन करकरतंय म्हणून.

बंदेनवाजनं तेव्हा त्याला जो धडा दिला तो मी अजून विसरलो नाही. म्हणाला, "थकने के पैले पलटना, मियाँ. थकके पलटे तो घर कौन लायेगा तुमना? हर इतवार थोडा आगे. बस थोडा. पाँव को मालूमच नै होना के रस्ता बढ गया." आणि हेही सांगितलं की जोर लावून लावून चालवायचं नाही, बोलता येईल इतक्याच दमानं पायडल मारायचं. महिपती एकटाच असायचा, मग बोलणार कुणाशी? तो सायकलशीच बोलायचा. शेतात औत धरल्यासारखा "हां, चल, चल राणी" करत जायचा.

थोडा पुढं म्हणजे किती, हे कळायला त्यानं एक युक्ती काढली. जिथून परत फिरायचं तिथं रस्त्याच्या कडेला एक दगड उभा करून ठेवायचा. पुढच्या रविवारी त्या दगडाच्या पुढं जायचं, चार बाभळी का होईना. कारंब्याच्या अलीकडं त्यानं असाच एक उभट दगड ठेवला. पुढच्या रविवारी बघतो तर दगडाला शेंदूर, पुढ्यात लिंबू, फोडलेला नारळ, आणि शेजारी एक मेंढका बसलेला.

"पाया पड की," मेंढका म्हणाला. "जागृत हाय."

"कवापासनं?"

"मागल्या ऐतवारी परगट झाला."

 महिपतीनं पटका काढला, स्वतःच आणून ठेवलेल्या दगडाला मनोभावे हात जोडले, आणि पुढं गेला. मला म्हणाला, "पण बाळ्या, खरं सांगतो, त्या दिशी सायकल लई हलकी चालली."

आईला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. जमलं नाही तर तिच्या जिवाला उगाच आशा लावून मोडल्यासारखं होईल, असं त्याचं म्हणणं. पण आईचे डोळे ते. एका रविवारी तो गेल्यावर बजाबाई माझ्या दारात येऊन बसली.

"बाळासो, खरं सांग. कोन हाय ती?"

"कोन, मावशी?"

"बार्शी रोडची."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"आरं, ऐतवारचा ऐतवार न्हाऊनधुऊन जातो. येतो तवा हाडं खिळखिळी, आन् आपला हसतोय. मानूस देवाला जाऊन आला तरी एवढा हसत न्हाय. घरची बरी हाय का, तेवढं सांग. मी न्हाई म्हननार न्हाय."

"तसलं काय न्हाय, मावशी. सायकलचा नाद लागलाय त्येला."

"सायकलीनं कुनी हसतंय व्हय," म्हणत ती उठून गेली. पण दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या लुगड्याची घडी घालून, वर गोधडीचे टाके घालून, खोगिरासाठी एक गादी शिवली. ती कोण का असेना, लेकाला बसता तरी आलं पाहिजे.

तर असं करत करत कारंबा झालं, नान्नज झालं. नान्नजचा माळ म्हणजे नजर पोचंल तिथवर नुसतं गवत. तिथं आषाढातल्या एका रविवारी महिपती चुकला. सायकल अशी पळायला लागली म्हणता, पायडलला पाय नुसता टेकवायचा. त्याला वाटलं, पाय तयार झाले. परत फिरायची जागा मागं गेली तरी हा चाललाच. थेट वडाळा. तिथं चहा प्याला, ऐटीत सायकल फिरवली, आणि मग त्याला कळलं की आजवर पाठीत होता तो वारा आता तोंडावर आहे. वडाळ्यापासून नान्नजपर्यंत तो अर्धा चालवत आला, अर्धा चालत आला, आणि मग चालवतही येईना अन् चालतही येईना. संध्याकाळी कडब्याची एक बैलगाडी आमच्या चाळीपुढं थांबली. कडब्यावर सायकल, सायकलीशेजारी महिपती, आणि गाडीबाहेर लोंबणारे ते पाय.

चाळ हसली हो! एक म्हणाला, "महिपती, सायकलला गवात घालायला नेलंतास व्हय?" दुसरा म्हणाला, "बैल दमला, गाडीत घालून आनला."

बंदेनवाज मात्र हसला नाही. "हवा तुमना लेके गई, मियाँ. तुम कां गए?" एवढंच म्हणाला. तेव्हापासून महिपती वारा उठायच्या आत, तांबडं फुटतानाच निघायला लागला, आणि जाताना सायकल पळायला लागली की उलट सावध व्हायला लागला.

त्याच संध्याकाळी त्याला आईला खरं सांगावं लागलं. बजाबाई त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती. सगळं ऐकून घेतलं. चोळायचा हात थांबला नाही.

"आज कुटवर गेलतास?"

"वडाळा. निम्म्याच्या पुढं, आई."

"मग ऱ्हायलेलं निम्मं कवा?"

झालं. त्या दिवसापासून रविवारच्या फडक्यात भाकरी आणि शेंगाच्या चटणीबरोबर शेंगा-गुळाचे लाडूही पडायला लागले. तिनं सारजासाठी लुगडंही घेऊन ठेवलं, डाळिंबी रंगाचं. शेजारणींना मात्र पत्ता लागू दिला नाही. विचारलं तर म्हणायची, "लागतंय घरात एखादं."

शेवटचे दोन रविवार वजनाची सवय. बंदेनवाजनं कॅरियरवर जेवायचा एक पाट सुतळीनं घट्ट आवळून बांधला, आणि त्या पाटावर बसलो मी. घोड्यावर बसतात तसे पाय दोहीकडं सोडून, महिपतीची कंबर धरून. मला घेऊन तो बाळे गावाला गेला, कारंब्याला गेला. चढ आला की मी उतरायचो, उतार आला की चढायचो. सारजापेक्षा मी जड होतो. आम्ही म्हटलं, आता काय अडायचं नाही.

पुढचं मी सांगतो ते सारजाच्या तोंडचं. ती हे इतक्या वेळा सांगायची, आणि दरवेळी इतकं हसायची, की मी तिथं नव्हतो हे मीच विसरतो.

पंचमीच्या आदल्या दिवशी वैरागला महिपती पोचला तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. धुळीनं पांढरा झालेला, पटका मानेवर. सोनाबाई अंगणात जोंधळे पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"कोन, महिपती? कसा आलास?"

"मुराळी आलोय, मावशी. सारजाला न्यायला."

"आन् गाडी कुटं सोडलीस?"

"ही काय."

आता सूप खाली ठेवलं. उठली, आणि बाजारात बैल बघतात तशी सायकलीभोवती फिरली. चाकाला हात लावून बघितला.

"हिला बैल कुटं हायत?"

"बैल मीच की, मावशी."

तोवर गल्ली जमली होती. सारजाचा नवरा आईपुढं कधी बोलायचा नाही. तो गोठ्याच्या दारात उभा राहून हसू दाबत होता. सोनाबाईनं महिपतीला पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. तो जेवत असताना एवढंच विचारलं, "तेरा कोस? पायानं?" त्यानं मान हलवली तशी तिनं न विचारताच त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

जेवण झालं. आईनं महिपतीबरोबर धाडलेलं डाळिंबी लुगडं नेसून सारजा गाठोडं घेऊन बाहेर आली. आणि बसली. कशी बसली? बायका बैलगाडीत साटीच्या मागल्या कडेला बसतात ना, मागं तोंड करून, पाय खाली सोडून? अगदी तशी. ती जन्मात दुसऱ्या वाहनात बसली नव्हती. वाहन म्हटलं की बसायची ही एकच रीत तिला ठाऊक. गाठोडं मांडीवर. महिपतीची पाठ तिच्या पाठीला. आणि हा बाबा दोन रविवार मला घोड्यावर बसवून फिरलेला. सारजा कशी बसेल हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

त्यानं पायडल मारलं. सारजा मागं कलली, पुढचं चाक उचललं, आणि बैल, गाडी, गाठोडं, सगळं अंगणात आडवं झालं.

गल्ली खदखदली. सोनाबाई म्हणाली, "पोचली माझी सून माहेराला!" आणि मग हसू पुसून म्हणाली, "उठ गं. आत जा. आसली धाडायची न्हाय मी. हातपाय मोडले तर कोन बगंल?"

सारजा उठेना. धुळीत तशीच गाठोडं धरून बसली. "आत्या, मी तोंड पुढं करून, पाय टाकून बसते की."

"पेठंतनं? घोड्यावानी? ह्या घरची सून?"

सारजा सांगायची, त्या वेळी तिला दादाकडं बघायचा धीर झाला नाही. महिपतीनं सायकल उचलली, हँडल सरळ केलं, आणि बोलला. बोलणारा माणूस नव्हता तो.

"मावशी, तुमी म्हनला व्हता, मुराळी दारात आला तर धाडीन. मी आलोय. चार म्हैने झालं, दर ऐतवारी थोडा थोडा येतोय. तुमी न्हाई म्हनला तर मी एकटा जाईन. पर आईला काय सांगू तेवढं तुमीच सांगा."

सोनाबाई जवळ आली. सायकलीकडं बघत राहिली. पाटाकडं बघितलं, पुढच्या चाकाकडं बघितलं. मग एकदम चिडून म्हणाली, "आरं, गाडी उलाळ झालीया नव्हं का तुजी! सगळा भार मागं, आन् पुढं काय हाय? वारा! आसली गाडी आमच्या वाड्यातनं तरी कुनी हाकली आसती का?"

उलाळ म्हणजे मागच्या भारानं पुढून उचललेली गाडी. शेतकऱ्याच्या घरात हे शेंबड्या पोराला कळतं. दोन-तीन वर्षांतच गिरणीनं महिपतीला हेही विसरायला लावलं होतं, त्याचा हा पुरावा. सोनाबाईनं लेकाला हाक मारली. घरातून एक पिशवी हरभऱ्याची डाळ आणि एक पिशवी गूळ मागवला, दोन्हींची तोंडं एकमेकींना बांधली, आणि हँडलवर दोहीकडं लोंबत सोडली. मग सारजाला परत तशीच, पाठीला पाठ लावून बसवली, आणि स्वतः पाट धरून सायकल हलवून बघितली. थोडी डाळ कमी केली. परत हलवली.

"हां. आता बसली गाडी."

"मावशी, ही डाळ..."

"बजाबाईला म्हनावं, पंचमीच्या दिंडाला पुरन घाला. आन् पुढल्या ऐतवारी आनून सोड. मोटारीत न्हाय, हिच्यावरच आन. मोटारीत कोनकोन बसल्यालं आसतंय."

गल्लीतल्या बायका वेशीपर्यंत मागं आल्या. सारजाला त्या सगळ्या दिसत होत्या, कारण तिचं तोंडच त्यांच्याकडं. सासर लहान लहान होत गेलेलं तिनं बघितलं. माहेर तिच्या पाठीमागनं येत होतं. वाटेत ती महिपतीचे मागचे डोळे झाली.

"दादा, मागनं कुना सायबाची मोटर येतीया. बाजूला घे."

"दादा, तुजा सोगा चाकात जातोय."

नान्नजच्या माळावर तिनं किंकाळीच फोडली. "दादा, दादा! बकऱ्याएवढं पाखरू! चालतंय बग कसं, पाटलावानी!"

"माळढोक आसंल. मला वळून बगता येतंय व्हय?"

"मग थांब की!"

थांबला. वारा तोंडावरच होता आणि थांबायला कारण हवंच होतं. जिथं जिथं तो रविवारी परत फिरला होता ती प्रत्येक जागा त्या दिवशी विसाव्याची झाली. लाडू खायचा, पाणी प्यायचं, आणि दम लागायच्या आधीच उठायचं. चढ आला की दोघं चालत, सायकल मध्ये. एका जागी काळ्या चिखलानं चाक असं धरलं की काटकीनं खरवडून काढावं लागलं. बाभळीचा काटा लागला तर बंदेनवाजनं शिकवल्याप्रमाणं महिपतीनं ठिगळ लावलं, आणि सारजानं पदरानं वारा घालून ते वाळवलं. मेंढक्याच्या देवापाशी ती पाया पडली. तिला खरं काय ते सांगितलं, तेव्हा म्हणाली, "आसू दे की. तुज्या हातनं का होईना, बसलाय तर खरं."

पुढं किती वर्षं तो असाच तिचा मुराळी होता. स्वतःची सायकल घेतली, हँडलला पुढं कायमची एक करंडी बसवली, उलाळ होऊ नये म्हणून. तुळजापूरचा घाट चढून आला, सायकलवर मंगळवेढ्याला मुलगी बघायला गेला आणि तीच बायको केली. ती म्हणायची, मी चेहरा बघितलाच नाही, पायच बघत बसले. सोनाबाईनंही एकदा मारुतीच्या देवळापर्यंत बसून बघितलं. अर्थात मागं तोंड करून. हे सगळं सांगायचं तर आणखी एक दुपार लागेल.

त्या रविवारी मात्र मी आणि बजाबाई चाळीच्या जिन्यात बसलो होतो. दिवस कलला होता. ती सकाळपासून तिथंच होती. मध्ये एकदा चुलीपाशी जाऊन आली, एवढंच.  सायकलची घंटा वाजली की मान वर करायची आणि परत खाली घालायची. आणि मग कोपऱ्यावर ते पाय दिसले. संथ, बोलता येईल इतक्याच दमानं फिरणारे. पुढं हँडलला पिशव्या. मागं कुणी आहे का ते काही दिसेना, एवढ्या लांब माणसामागं काय दिसणार?

चाळीपुढं येऊन महिपती खांबाला टेकला. तेव्हा त्याच्या पाठीमागं डाळिंबी लुगड्यातली एक पाठ दिसली. बजाबाई जिन्याचा कठडा धरून उठली. पाठ तशीच बसलेली. आपण पोचलो हे तिला कळलंच नव्हतं. ती अजून रस्त्याकडं बघत मागनं काही येतंय का ते पाहत होती.

"सारजे," बजाबाई जिन्यातून म्हणाली, "आगं, तोंड इकडं कर की. हितं हाय मी."